सर्टिफाइड जर्नल आलं कुठून? शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या प्रॅक्टिकलची पार्श्वभूमी

एका पानावर उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने काढलेली आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता. महाराष्ट्रात विज्ञान शिकलेल्या कोणाच्याही डोळ्यांसमोर हे जर्नल, म्हणजे शिक्षकांची सही असलेली प्रयोगवही, उभं राहील. आमच्या वर्गात साध्या लंबकाच्या झोक्यांची वेळ मोजून गुरुत्व काढायच्या प्रयोगात सगळ्यांचं उत्तर एकच यायचं: ९८० (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग). रीडिंग आधी पेन्सिलने लिहायची, उत्तर जुळेपर्यंत खोडायची आणि जुळलं की वरून पेन फिरवायचं. हे चुकीचं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. मला मात्र ते आजही बोचतं, कारण मधल्या वर्षांत या प्रयोगाचा इतिहास वाचला.

त्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग १६७२ सालचा. फ्रेंच विज्ञान अकादमीने ज्याँ रिशे या खगोलनिरीक्षकाला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, विषुववृत्ताजवळच्या काएन इथे पाठवलं. पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. एका सेकंदाचा ठोका नीट मिळावा म्हणून लंबक जवळपास तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. रिशेने हे मोजमाप दर आठवड्याला, तब्बल दहा महिने पुन्हा पुन्हा केलं. तरीही पॅरिसमध्ये काहींना ही त्याच्या हातची चूक वाटली. पुढे न्यूटनने याच निरीक्षणाच्या आधारे सांगितलं, की पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिथे गुरुत्व कमी आहे. रिशेने तीन मिलिमीटर ‘जुळवून’ घेतले असते, तर हा पुरावा तिथेच बुजला असता.

आपल्या भूमीवरही हेच मोजमाप झालं आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले कॅप्टन जेम्स बेसव्ही यांनी १८६५ पासून लंबक घेऊन दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी गुरुत्व मोजलं. १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर, याच कामात असताना त्यांचा मृत्यू झाला. विषुववृत्तावर हे मूल्य सुमारे ९७८ आणि ध्रुवांवर ९८३ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असतं. पुण्याचं अक्षांश आणि उंची धरून हिशोब केला तर ते ९७८ च्या जरा वर येतं. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मुलाने काळजीपूर्वक मोजून ९७८ लिहिलं, तर ते ९८० पेक्षा जास्त बरोबर असेल. अर्थात लंबकाच्या वीस आंदोलनांत, म्हणजे वीस पूर्ण झोक्यांत, एवढा फरक पकडता येत नाही. एक मीटरच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी सुमारे चाळीस सेकंद लागतात. त्यात स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झालं, तरी वेळेत अर्ध्या टक्क्याची चूक होते, आणि सूत्रात वेळेचा वर्ग येत असल्याने उत्तर एक टक्क्याने, म्हणजे सुमारे दहाने हलतं. शंभर आंदोलनं मोजली तर तीच चूक पाचपट कमी होते. म्हणजे वर्गात उत्तरं ९७० ते ९९० अशी विखुरलेली असणं हेच स्वाभाविक आहे. सगळ्यांचं ९८० येणं शक्य नाही.

मग ‘एकच उत्तर आलं पाहिजे’ हा दंडक शाळेत कसा रुजला? शाळेत प्रयोगशाळा असणं हीच मुळात फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतही भौतिकशास्त्र म्हणजे पुस्तक पाठ करणं, आणि फार तर शिक्षकाने टेबलावर करून दाखवलेला प्रयोग. आपल्याकडे तर पुस्तकापासूनच सुरुवात होती. १८३० च्या दशकात हरि केशवजी यांनी पदार्थविज्ञान संवादरूपाने मराठीत आणलं. पुढे कोल्हापुरात बाळाजी प्रभाकर मोडक यांनी विज्ञानाची मराठी पुस्तकं लिहिली. प्रयोग मुलांच्या हाती जायला अजून वेळ होता.

तो बदल घडवणाऱ्यांत दोन नावं महत्त्वाची. इंग्लंडमध्ये रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी आग्रह धरला, की मुलाने शोधकाच्या भूमिकेत उभं राहावं, सांगितलेलं पडताळत बसू नये. त्यांच्या पद्धतीचं नावच ‘शोधणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८८० च्या दशकात प्रवेशासाठी भौतिकशास्त्राच्या प्रयोगांची अट घातली. कोणते प्रयोग, ते ठरवायचं काम एडविन हॉल यांच्याकडे आलं. वीज आणि चुंबकत्वाच्या अभ्यासातला हॉल परिणाम आपण बारावीनंतर शिकतो, तो १८७९ मध्ये शोधणारे हेच हॉल. त्यांनी सुमारे चाळीस प्रयोगांची यादी केली, प्रत्येकाची उपकरणं आणि कृती लिहून दिली. मुलाने शाळेत प्रयोग करायचे, वहीत नोंदवायचे, शिक्षकाची सही घ्यायची, ती वही घेऊन विद्यापीठात यायचं आणि तिथे पुन्हा प्रयोगाची परीक्षा द्यायची. आपल्या सर्टिफाइड जर्नलचा साचा इथे पूर्ण दिसतो.

हॉल यांचा हेतू निर्मळ होता. घोकंपट्टी मोडायची, मुलाचा हात उपकरणाला लागायचा. शाळांनी प्रयोगशाळा बांधल्या त्या या अटीमुळेच. पण प्रवेश वहीवर अवलंबून राहिला की वही सुबक होते आणि प्रयोग मागे पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अमेरिकेतले शिक्षक तक्रार करू लागले, की मुलं दशांश चिन्हानंतरचे आकडे गाठण्यात गुंतलीत, निसर्गाकडे बघत नाहीत. इंग्लंडमध्ये १९१८ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांच्या समितीने उलट बाजूने, आर्मस्ट्राँग यांच्या पद्धतीवर बोट ठेवलं: सगळं स्वतः शोधायचं म्हटलं तर तास पुरत नाहीत. दोन्ही म्हणणी खरी होती. हा पेच अजूनही सुटलेला नाही.

आपल्या बाजूला अडचण वेगळी होती, पैशांची. विलायती उपकरणं शाळांना परवडत नसत. लाहोरला १८८५ मध्ये पंजाब सायन्स इन्स्टिट्यूट निघाली. तिथे रुचिराम साहनी यांनी १८८८ मध्ये शाळांसाठी स्वस्त उपकरणं बनवणारा कारखाना उभा केला. मला हे काम हॉल यांच्या यादीइतकंच मोठं वाटतं, पण त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. आज आपल्या शाळांतल्या उपकरणांच्या खोक्यांवर बहुधा हरियाणातल्या अंबाल्याचं नाव दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्रयोगांचा विचार जगभर गेला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शाळांसाठी युनेस्कोने १९४८ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली: डबे, बाटल्या, दोरा, तार यांतून प्रयोग कसे करावेत. १९५६ मध्ये ती वाढवून मोठं पुस्तक झालं. त्याच वर्षी अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ जेरोल्ड झकारायस यांनी शालेय भौतिकशास्त्र नव्याने मांडायला घेतलं. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाल्यावर त्याला भरपूर पैसा मिळाला. पाण्याच्या उथळ तबकात लाटा बघणं त्यातूनच असंख्य शाळांत पोचलं. इंग्लंडमध्ये शालेय विज्ञानाच्या नफिल्ड प्रकल्पाने ‘एका दिवसापुरता शास्त्रज्ञ’ ही कल्पना घेतली. आपल्याकडे शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीपर्यंत सर्वांना विज्ञान आणि प्रयोगांवर भर, असं सांगितलं.

पण सांगणं आणि होणं यांतलं अंतर खऱ्या अर्थाने कापलं ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादने. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं मित्रमंडल केंद्र या दोन संस्थांनी सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू केलं. दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ गावात येऊन राहिले. शाळा सहावी ते आठवीच्या, म्हणजे माध्यमिकच्या अलीकडच्या, पण धडा सगळ्यांसाठी होता. वहीत प्रश्न आणि कृती होत्या, उत्तरं छापलेली नव्हती. त्यामुळे जुळवायला काही उरलंच नाही. प्रशिक्षणात शिक्षकांनी आधी स्वतः प्रयोग करायचे. आणि सर्वांत धाडसाचं म्हणजे परीक्षा बदलली: लेखी परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. हॉल यांच्यापासून चालत आलेली गाठ परीक्षेतच बसली होती आणि या लोकांनी ती तिथेच सोडवली. पुढे काम जिल्हाभर आणि इतर जिल्ह्यांतही पसरलं. १९८२ पासून एकलव्य संस्थेने ते सांभाळलं. २००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं. तीस वर्षांचं काम असं थांबलं याचं दुःख आजही वाटतं.

त्यातला एक धागा मात्र पुण्यात आला. टेल्को (आताची टाटा मोटर्स) या कंपनीत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. पूल आणि छपरांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना तिथे कळतं. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे. त्याच्या सुरुवातीच्या कामांतलं एक जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांमध्ये झालं.

याच केंद्राने २०१५ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड ही शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा भरवली. तिथे एकूण ५० गुणांपैकी २० प्रयोगाला असतात. आपल्या दहावीलाही विज्ञानाच्या प्रात्यक्षिक-अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. ऑलिंपियाडच्या टेबलावर मात्र मुलापुढे पाच तास एक अनोळखी मांडणी असते. किती रीडिंग घ्यायची ते त्याने स्वतः ठरवायचं असतं आणि आपल्या उत्तरात किती चूक असू शकते, हेही शेजारी लिहायचं असतं.