बेघर निवारा केंद्र (नाशिक)

बेघर निवारा केंद्र : रस्त्यावर, घाटावर किंवा स्थानकाच्या आडोशाला झोपणाऱ्यांना विनामूल्य मुक्काम, आंघोळीची सोय आणि माणसांची सोबत देणारी जागा. इमारत बहुधा महापालिकेची असते आणि कारभार सेवाभावी संस्थेकडे. अशा केंद्राला धर्मशाळा समजण्याची चूक सर्रास होते. गाडगे महाराजांनी नाशिकला बांधलेली धर्मशाळा गरीब यात्रेकरूंसाठी होती, आणि यात्रेकरू चार दिवसांनी आपल्या घरी परततो. निवाऱ्यातल्या माणसाला परतायला घर नसते.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा ठेवण्यास सांगितले. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिकची लोकसंख्या 14.86 लाख, म्हणजे किमान चौदा केंद्रे हवीत. माणशी 50 चौरस फूट जागा धरतात. पन्नास जणांना 2,500 चौरस फूट लागते.

रामकुंड परिसर, नाशिकरोड स्थानक, महामार्गावरील उड्डाणपुलाखालची जागा इथे रात्री दहानंतर केंद्राचे कार्यकर्ते बेघरांना निवाऱ्यात बोलावण्यासाठी फेरी काढतात. झोपलेल्याला हलवून उठवू नये. दोन हात अंतरावर बसून हाक मारावी. नकार बहुतेकदा गाठोड्यामुळे येतो. त्यात भांडी, कागद, कधी आईचे लुगडे असते, आणि ते चोरीला जाईल ही भीती खरी असते. म्हणून खाटेआधी कुलपाचे कपाट द्यावे आणि किल्ली त्याच माणसाकडे ठेवावी. नवरा-बायकोला वेगळे ठेवणारे केंद्र किंवा मजूर अड्ड्यापासून लांबचे केंद्र रिकामे राहते. दोष मग बेघरांच्या सवयींना दिला जातो, हे अन्यायाचे आहे.

सर्वांत चिवट त्रास खरजेचा. एकट्याला औषध लावून ती जात नाही. दालनातल्या सर्वांना एकाच रात्री 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीही लावावे लागते. आठ ते बारा तासांनी आंघोळ आणि आठवड्याने पुन्हा तेच. चादरी, कपडे त्याच सकाळी गरम पाण्यात धुवावेत. न धुता येणारी घोंगडी पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवावी. एक चादर राहिली तरी महिन्याभरात सगळे दालन पुन्हा खाजवू लागते. तान्ही मुले व गर्भवतींना औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

भटकणाऱ्या मनोरुग्णाला केंद्रात कोंडू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते.

माणसांची सोबत स्वयंपाकघरात जुळते. पन्नास जणांच्या खिचडीला 4 किलो तांदूळ आणि 2 किलो मूगडाळ पुरते. निवडणे, चिरणे, वाढणे पाळीने राहणाऱ्यांनीच करावे. लग्नातले उरलेले अन्न रोज आणून वाटले की ही पाळी मोडते आणि माणसे पुन्हा हात पसरून रांगेत उभी राहतात.

पावसाळ्यात गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना येताच घाटावरची फेरी संध्याकाळीच काढतात. नदीपात्रातल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागेपर्यंत थांबले तर माणूस निघतो, पण त्याचे गाठोडे वाहून जाते. आधार कार्ड त्यातच असते. ते गेले की रेशनपासून निराधार अनुदानापर्यंतची सगळी कामे नव्याने सुरू करावी लागतात. म्हणून प्रत्येकाच्या कागदांची छायाप्रत केंद्रात ठेवतात.