हर्पिसचा रिपोर्ट आणि १.७ चं कोडं

समजा, पुण्यातला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आहे. एका शनिवारी रात्री कंडोमशिवाय संबंध आला, आणि समोरची व्यक्ती फारशी ओळखीची नव्हती. रविवारपासूनच त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागली. दहाव्या दिवशी कोणालाही न विचारता त्याने लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. एचएसव्ही १ व २ आयजीएम: पॉझिटिव्ह. एचएसव्ही-१ आयजीजी: २४, पॉझिटिव्ह. एचएसव्ही-२ आयजीजी: १.७, पॉझिटिव्ह.

त्याला वाटलं, शनिवारचा निकाल लागला. खरं तर त्या शनिवारबद्दल या कागदावर एक अक्षरही नाही.

एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू; १ आणि २ हे त्याचे दोन प्रकार. या तपासणीत विषाणू शोधतच नाहीत. विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. आयजीएम आणि आयजीजी ही त्यांचीच दोन रूपं. आयजीजी प्रतिपिंडं काहींच्या रक्तात तीन-चार आठवड्यांत दिसतात, बहुतेकांच्या बारा आठवड्यांपर्यंत, थोड्यांच्या त्याहूनही उशिरा. दहाव्या दिवशी २४ चा आकडा आला, तर ती प्रतिपिंडं कधीची तरी जुनी आहेत, हे उघड आहे.

किती जुनी? बहुधा लहानपणची. एचएसव्ही-१ हा मुख्यतः तोंडाचा विषाणू. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा झुपका उठतो, तो याचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे, म्हणजे शंभरातल्या चौसष्टांच्या. लहानपणी कुणा मावशी-आत्याने लाडाने घेतलेला पापा एवढं निमित्त त्याला पुरतं. अनेकांना आयुष्यात एकही फोड येत नाही. मुखमैथुनातून हाच विषाणू जननेंद्रियांवरही जातो, पण तो मुक्कामाला तोंडाकडे आहे की खाली, हे रक्त सांगत नाही. आणि २४ हा आकडा मोठा आहे म्हणून आजार मोठा, असंही नसतं.

इथे एक गोंधळ मिटवून टाकतो. आपल्याकडे ‘हर्पिस’ म्हटलं की घरातल्या मोठ्यांना नागीण आठवते. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर, कांजिण्यांच्या विषाणूने होणारी. घराणं एक असलं तरी हा विषाणू वेगळा. नागिणीचा शनिवारशी काडीचाही संबंध नाही.

आता आयजीएमची ओळ. आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, असं पाठ्यपुस्तकी सूत्र आहे. हर्पिसच्या बाबतीत ते चालत नाही. जुना विषाणू पुन्हा डोकं वर काढतो तेव्हाही आयजीएम दिसू शकतं, आणि या चाचणीला एक व दोन नंबरमधला फरकही धड कळत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी तर ही चाचणी करूच नका म्हणते. तरीही आपल्याकडच्या पॅकेजांमध्ये ती सर्रास असते. माझं विचाराल तर त्या ओळीवर सरळ काट मारावी.

राहिला १.७, म्हणजे मुख्यतः जननेंद्रियांवर येणाऱ्या एचएसव्ही-२ चा आकडा. खरं कोडं हेच आहे.

तपासणी होते ती अशी. प्लास्टिकच्या पट्टीत छोट्या छोट्या वाट्या असतात. त्यांच्या तळाला एचएसव्ही-२ चं ‘जी’ नावाचं ग्लायकोप्रोटीन चिकटवलेलं असतं, कारण दोन्ही भावंडांमध्ये ठळक फरक आहे तो या प्रथिनात. वाटीत तुमच्या रक्तातला सीरम टाकतात, थोडा वेळ ठेवतात, मग धुऊन काढतात. प्रतिपिंडं असली तर ती तळाला चिकटून राहतात. त्यांच्यावर रंग आणणारं रसायन टाकलं की वाटी रंगते. हा रंग किटसोबत आलेल्या प्रमाण नमुन्याच्या किती पट गडद आहे, तो आकडा म्हणजे इंडेक्स. नेहमीच्या किटांमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मध्ये अनिश्चित.

मेख अशी की धुतल्यावरही काही भलतीच प्रतिपिंडं वाटीला चिकटून राहतात. ज्यांच्या अंगात एक नंबर आधीपासून आहे, त्यांच्या बाबतीत अशी गफलत जास्त होते. म्हणून सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ च्या खालचा पॉझिटिव्ह दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय धरायचा नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाची वेस्टर्न ब्लॉट ही त्यातली सगळ्यात भरवशाची, पण आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये ती मिळत नाही.

थोडं गणित करू. सोपे आकडे घेऊ. हजार लोकांची तपासणी केली, त्यांपैकी पन्नास जणांना खरोखर एचएसव्ही-२ आहे, आणि चाचणी शंभर निरोगी माणसांमागे पाच वेळा चुकते. त्या पन्नासांपैकी सगळे सापडले असं धरलं, तरी उरलेल्या साडेनऊशेमधून सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस जणांच्या हातात खोटा पॉझिटिव्ह पडतो. म्हणजे नाणेफेकच. अमेरिकेतल्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटाने २०१६ साली, आणि पुन्हा २०२३ साली, लक्षणं नसलेल्यांची सरसकट रक्ततपासणी करू नये असा सल्ला दिला, तो मुख्यतः या हिशोबावर.

आपल्या तरुणाच्या काळजीचा रोखही चुकीच्या दिशेला गेला होता. एचआयव्हीची भीती असेल तर ती रोखणारी पेप नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. त्याने ते तीन दिवस हर्पिसचे फोटो बघण्यात घालवले. एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया यांच्या तपासण्या अजूनही करण्यासारख्या आहेत. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये किंवा १०९७ या हेल्पलाइनवर त्यासाठी विचारता येतं.

हर्पिससाठी मात्र रक्तापेक्षा कातडीकडे लक्ष ठेवावं. लागण झालीच तर फोड साधारण दोन ते बारा दिवसांत येतात. एखादी दुखरी पुटकुळी किंवा चीर दिसली, तर मलम चोपडत न बसता एक-दोन दिवसांतच त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञांना दाखवावी. ओल्या फोडावर कापसाची काडी फिरवून पीसीआर केला, तर विषाणू आहे की नाही आणि कोणत्या नंबरचा आहे, दोन्ही कळतं. फोड सुकला की ही संधी जाते. पीसीआर पॉझिटिव्ह आलाच, तर असायक्लोविरसारखी जुनी, स्वस्त औषधं आहेत. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो, तो कायमचा जात नाही, पण फोड लवकर बरे होतात आणि पुन्हा येण्याचं प्रमाण घटतं.

फोड आलाच नाही, तर बारा आठवडे थांबून फक्त आयजीजी पुन्हा करायचं. आकडा १.७ वरून पाच-सहावर चढला, तर लागण नवी आणि खरी मानायला हरकत नाही. तिथेच रेंगाळला किंवा खाली आला, तर पहिला पॉझिटिव्ह बहुधा खोटाच. दोन्ही वेळा लॅब मात्र एकच ठेवावी, कारण किट बदललं की आकड्याची पट्टीच बदलते.