ब्रश सीलची झीज

ब्रश सीलची झीज : टर्बाइन, कंप्रेसर यांसारख्या यंत्रांत फिरता शाफ्ट आणि स्थिर कवच यांमधील फटीतून वायू किंवा वाफ गळू नये म्हणून ब्रश सील बसवितात. त्यातील तारांची टोके आणि ती टेकतात तो शाफ्टचा पृष्ठभाग घासून झिजण्याच्या क्रियेला ही संज्ञा लावतात.

या सीलमध्ये सामान्यतः ०.०५ ते ०.१५ मिमी. व्यासाच्या तारांचा दाट जुडगा दोन कड्यांमध्ये धरलेला असतो. कमी दाबाकडील कडे जुडग्याला पाठीमागून आधार देते. तारा त्रिज्येशी बहुधा ४५ अंशांच्या आसपास, फिरण्याच्या दिशेने कललेल्या असतात. त्यामुळे शाफ्ट तापून फुगला किंवा किंचित सरकला, तरी त्या वाकून वाट देतात. शाफ्ट उलटा फिरविल्यास मात्र टोके पृष्ठभागात अडकून जुडगा विस्कटण्याचा धोका असतो. १९५५ च्या सुमारास जे-४७ या जेट एंजिनावर केलेली अयशस्वी चाचणी हा या सीलचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. तथापि प्रत्यक्ष वापरास योग्य अशा सीलचे श्रेय रोल्स-रॉइसच्या १९८० च्या दशकातील कामाला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

नवे सील बहुधा शाफ्टवर किंचित दाबून बसविलेले असते. सुरुवातीच्या वापरात टोके घासली जाऊन हा दाब उतरतो व झिजेचा वेग मंदावतो. म्हणून पहिली झीज हा दोष न मानता सील जागेवर बसण्याचा भाग समजणे योग्य ठरते. झिजलेले घनफळ हे संपर्कबल आणि घासलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा आर्चर्डचा नियम येथे आधाराला घेतात. परंतु ब्रश सीलमध्ये संपर्कबलच स्थिर नसते. सीलच्या दोन बाजूंच्या वायूदाबांतील फरक वाढला की वायूचा प्रवाह तारांना शाफ्टकडे ओढतो आणि त्याच वेळी त्यांना परस्परांवर व मागच्या कड्यावर दाबून धरतो. घर्षणाने जखडलेला जुडगा मूळच्या मानाने कितीतरी ताठ होतो. अशा स्थितीत शाफ्ट बाहेरच्या बाजूस सरकल्यास टोकांवरील भार एकदम वाढतो, आणि तो परत आला तरी तारा त्याच्या मागोमाग येत नाहीत. राहिलेल्या फटीतून होणारी वाढीव गळती पुष्कळदा झिजेच्या खात्यावर मांडली जाते. दाब उतरवून पुन्हा मोजणी केल्यावर गळती पूर्ववत झाली, तर ती जखडलेल्या तारांमुळे होती असे समजावे. कायम राहिलेला भागच झिजेचा.

तारांसाठी हेन्स २५ ही कोबाल्टप्रधान मिश्रधातू प्रचलित असून शाफ्टवर क्रोमियम कार्बाइडाचा लेप देतात. उच्च तापमानाला टोकांवर ऑक्साइडाचा तुळतुळीत थर तयार झाल्यास घर्षण कमी होते. तारा शाफ्टपेक्षा कठीण ठरल्यास शाफ्टवर गोल चर पडतो, आणि त्याची दुरुस्ती सील बदलण्याहून खर्चिक असते. सडपातळ शाफ्टच्या एकाच बाजूला घर्षणाची उष्णता साचली, तर तो वाकून कंपने वाढतात.

बेअरिंगच्या कोठीत, जेथे तापमान कमी असते तेथे, अरामिड या बळकट कृत्रिम तंतूंचे ब्रशही वापरतात. धातूच्या जुडग्यात जास्त दाबाकडील पहिल्या रांगांतील तारा प्रवाहात फडफडून शिणतात व तुटतात. ही हानी झिजेहून वेगळी आहे: तुटलेले टोक खडबडीत दिसते, तर झिजलेले टोक तिरपे, गुळगुळीत व घासण्याच्या दिशेने ओरखडे असलेले असते.