पांढरं दिसलं म्हणजे भुरीच नव्हे

ऑक्टोबर छाटणीनंतर दरवर्षी तोच घोळ. द्राक्षाचं पान पांढरं दिसलं की दुकान गाठायचं आणि "भुरीचं द्या" म्हणायचं. पान उलटून बघायचं कुणाला सुचत नाही.

भुरी हा बुरशीचा रोग तुम्हाला सांगायला नको. राखेसारखी भुकटी, बोटाने पुसली जाते, मण्यावर आली की मणी तडकतो. डाऊनी, म्हणजे केवडा, हा दुसरा रोग. त्याचा पांढरा थर मात्र पानाच्या खालच्या बाजूला येतो आणि वर त्याच जागी तेल सांडल्यासारखा पिवळट डाग असतो. शंका वाटली तर पान ओलसर प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बांधून ठेवा. डाऊनी असेल तर सकाळी डागामागे कापूस फुटलेला दिसतो.

खरी गोची पाण्यापाशी आहे. भुरीच्या बीजाणूला रुजायला पानावर थेंब लागत नाही. ढगाळ हवा आणि दाटलेली वेल तिला पुरते. जोराचा पाऊस तर तिला धुऊनच नेतो. डाऊनीचं सगळं ओलीवर चालतं. तिचे बीजाणू पाण्याच्या थरात चक्क पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. द्राक्षात ही रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला. म्हणून पाऊस पडला किंवा दव उशिरापर्यंत टिकलं तर आधी डाऊनीकडे बघा, आणि फवारा पानाखाली पोचतोय का तेही. वरून चकचकीत भिजवलेली बाग बघून समाधान मानणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

औषधंही इथंच फसतात. डाऊनी ही खरी बुरशीच नाही, ती शेवाळाच्या नात्यातली. भुरीचं औषध हेक्साकोनॅझोल हे बुरशीच्या पेशीपडद्याला लागणारं अर्गोस्टेरॉल बनणं रोखतं. डाऊनी ते बनवतच नाही, मग रोखणार काय? डाऊनीच्या मेटॅलॅक्झिलचं भुरीवर तसंच, काडीचा उपयोग नाही. 'दोन्हीवर चालतं' म्हणून अझॉक्सिस्ट्रॉबिन देतात. चालतं खरं, पण तेच तेच मारलं की रोग लवकर निर्ढावतो.

बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये डाऊनीसाठीच पुढं आलं. ते रोग येण्याआधी मारायचं, नंतर नव्हे. भुरीला गंधक चांगलं, पण पारा 35 अंशांच्या वर असताना नको, पानं करपतात. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातल्या फुटी, काढून वेल मोकळी करणं दोन्हींना लागू, त्यावर वाद नाही.

मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, मण्यांना भुरी नव्याने सहसा लागत नाही. देठ तपासा, गरज वाटली तर बॅसिलस सबटिलिस हे जैविक औषध मारा. तेव्हा घाबरून रासायनिक मारलं तर फक्त रेसिड्यू, म्हणजे फळात उरणारा औषधाचा अंश, वाढतो.