अँथनी वाइल्डिंग (टेनिसपटू)

अँथनी वाइल्डिंग हा न्यूझीलंडचा टेनिसपटू, जन्म ३१ ऑक्टोबर १८८३, क्राइस्टचर्चचा. वडील वकील आणि स्वतः खेळाडू, घरच्या आवारातच टेनिस कोर्ट, त्यामुळे पोराच्या हातात रॅकेट लवकरच आली. कँटरबरीकडून तो फर्स्ट क्लास क्रिकेटही खेळलाय. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकायला गेला, वकिलीची सनदही मिळवली, पण जीव रमला तो टेनिसमध्ये आणि मोटरसायकलमध्ये, आणि युरोपात तो मोटरसायकलवरूनच लांबलांब फिरायचा.

१९१० ते १९१३ अशी सलग चार वर्षं विम्बल्डनची सिंगल्स त्याने जिंकली. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, तेव्हा 'चॅलेंज राउंड' होती, म्हणजे बाकीच्यांनी आधी आपसात लढायचं आणि जो उरेल त्याने गतविजेत्याला भिडायचं, गतविजेता तोवर आरामात. म्हणजे १९११ पासूनच्या तीन टायटलसाठी वाइल्डिंग दरवर्षी एकच मॅच खेळला, आणि १९११ ला तर रोपर बॅरेटने दोन-दोन सेटवर असताना उन्हाच्या त्रासाने मॅच सोडून दिली. म्हणून नुसता चार हा आकडा बघून आजच्या चॅम्पियनशी तुलना करण्यात अर्थ नाही. त्याची खरी ताकद दिसते १९१३ मध्ये: पॅरिसला क्ले (मातीचं कोर्ट), विम्बल्डनला ग्रास (हिरवळ), स्टॉकहोमला इनडोअर, एकाच वर्षात तिन्ही वर्ल्ड टायटल त्याचीच. विम्बल्डनला समोर अमेरिकेचा तुफान सर्व्हिसवाला मॉरिस मॅक्लॉक्लिन होता, त्याला ८-६, ६-३, १०-८ असं सरळ सेटमध्ये हरवलं.

१९१४ ला ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ब्रुक्सने त्याचं विम्बल्डनचं टायटल काढून घेतलं, आणि त्याच ब्रुक्सबरोबर त्याने त्याच वर्षी विम्बल्डनची डबल्स मारली. ब्रुक्सबरोबरच ऑस्ट्रलेशियाला, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एकत्र टीमला, डेव्हिस कप ही देशादेशांमधली स्पर्धा जिंकून दिली, १९०७, १९०८, १९०९ आणि १९१४. शेवटचा कप अमेरिकेत, ऐन महायुद्ध पेटताना. आधीच्या फेरीत हरलेले जर्मन खेळाडू घरी परतताना जहाजावरूनच पकडले जाऊन ब्रिटिशांच्या कैदेत गेले. वाइल्डिंग ब्रिटिश रॉयल मरीन्समध्ये भरती झाला, कॅप्टन झाला, आणि ९ मे १९१५ ला फ्रान्समध्ये नव शापेलजवळ तोफगोळा पडून मेला, वय ३१.

क्राइस्टचर्चला त्याच्या नावाचं वाइल्डिंग पार्क आहे. त्याच्यानंतर विम्बल्डनची सिंगल्स न्यूझीलंडच्या कुणालाच जमलेली नाही, १९८३ ला क्रिस लुईस फायनलपर्यंत पोचला खरा, पण समोर अमेरिकेचा जॉन मॅकेन्रो होता, त्याच्यापुढे हरला.