गांडूळ देशी की विदेशी? वादामागची पार्श्वभूमी

ज्याला गळ टाकून मासे गरवायला जायचंय त्याला गांडूळ जाडजूड आणि वळवळणारं लागतं. ज्याला घरातली देठं-सालं जिरवायची आहेत त्याला खादाड लागतं. शेतकऱ्याला हवं असतं ते जमिनीत खोल जाऊन पुन्हा वर येणारं. मराठीत तिन्हींना गांडूळच म्हणतात. कुठे काडू म्हणतील, कुठे दानवं, कुठे शिदोड. पण हे शब्द मुलखाप्रमाणे बदलतात, गांडुळाच्या जातीप्रमाणे नाही. खतासाठी पाळलं जाणारं विदेशी गांडूळ हे गांडूळच नव्हे, देशीच हवं, असं काही जण ठासून सांगतात. या देशी-विदेशीच्या भांडणातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

इंग्लंडातल्या एका दाढीवाल्या निसर्गशास्त्रज्ञानं १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिलं वगैरे गोष्टी शाळेपासून ऐकलेल्या आहेत, त्या सोडून देऊ. आपल्याकडे गळाला गांडूळ लावणं जुनंच. पाऊस सुरू झाला की न्हाणीचं पाणी मुरतं त्या जागी, केळीच्या बुंध्याशी खुरपं घालायचं, करवंटीत ओली माती घेऊन त्यात पाच-पंचवीस टाकायची आणि ओढा गाठायचा. वाम, शिंगटा यांना याहून चांगलं आमिष नाही. पण गांडूळ पाळावं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. फुकट मिळतं आणि हवं तेव्हाच मिळतं, ते पाळायचं कशाला?

पाळायला लागले ते अमेरिकेत. तिथे हौशी मासेमारांची संख्या मोठी, वर्षातले काही महिने जमीन गोठलेली आणि आमिष विकणारी दुकानं गावोगाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिथे गांडुळांची शेती हा जोडधंदा झाला होता. गांडुळं पाळायच्या पेटीच्या तळाशी जे काळं, रवाळ खत उरे, ते आधी परसातल्या वाफ्यांत जाई. पुढे तेच खत मुख्य झालं आणि आमिष दुय्यम. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी घरात गांडुळांची पेटी ठेवायची कल्पना तिथे ऐंशीच्या दशकात घरोघर पोचली.

त्याच दशकात ती आपल्याकडेही आली, पण आमिषाची बाजू वाटेतच गळून पडली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात आफ्रिकेतल्या युड्रिलस युजेनी या जातीवर काम झालं, पुण्यात एका रसायन अभियंत्यानं गांडुळांकडून सांडपाणी आणि कचरा जिरवायचे प्रयोग मांडले. नव्वदीत तर गांडूळ खताच्या शेड सरकारी योजनांतून उभ्या राहिल्या. अनेकांनी तेव्हा नाडेप आणि गांडूळ खत एकच समजून टाकलं. वास्तविक नाडेप म्हणजे पुसदच्या एका गांधीवादी शेतकऱ्यानं बसवलेली, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी. तिला गांडूळ लागतच नाही.

याच काळात 'गांडुळं आमच्याकडून घ्या, वाढवा, आम्हीच परत विकत घेऊ' असं सांगणारेही फिरले. आमच्या एका काकांनी गोठ्यामागे चार वाफे केले होते. गांडुळं झकास वाढली, घेणारा मात्र फिरकला नाही. काकांनी शेवटी ती कोंबड्यांपुढे टाकली. हे दुखणं केवळ आपलं नाही: अमेरिकेत ओक्लाहोमातली अशीच एक परतखरेदीवाली कंपनी २००३ साली कोसळली आणि हजारो लोक पेट्या भरभरून गांडुळं घेऊन बसले.

आता मुख्य भांडण. कचरा जिरवायच्या घरगुती टबात बहुधा दोनच जाती असतात. एक वर सांगितलेली आफ्रिकन, दुसरी युरोपातून जगभर गेलेली आयसेनिया फेटिडा. ही आयसेनिया तांबडी, अंगावर पिवळसर पट्टे. 'फेटिडा' म्हणजे दुर्गंधी. डिवचलं की अंगातून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते. विदर्भातल्या नैसर्गिक शेतीच्या एका प्रचारकानं शिबिरांमधून ठासून सांगायला सुरुवात केली की ही आयसेनिया गांडूळच नव्हे, हा विदेशी जंतू आहे. ती माती खात नाही, बिळं करत नाही, आणि तिच्या खतातून जड धातू शेतात उतरतात. ऐकणारे हजारोंनी होते. गांडूळ खताच्या कित्येक शेड त्या भाषणांनंतर ओस पडल्या असं सांगणारे शेतकरी मला भेटले आहेत.

यात खरं किती? 'गांडूळच नव्हे' हे चूक, अगदी सपशेल. प्राणिशास्त्रात तिच्या गांडूळपणाबद्दल वाद नाही. वाद होता तो तिच्यात आणि तिच्या आंद्रेई नावाच्या जुळ्या जातीत फरक करायचा की नाही, एवढाच. माती खात नाही हे मात्र बरोबर. ती पालापाचोळ्यात, शेणात वरच्या वर जगते. आपल्या शेतातलं लॅम्पिटो मॉरिटी खाली-वर करत जमीन पोकळ करतं, ते काम आयसेनिया करणार नाही. तिला शेतात सोडून जमीन सुधारेल असं ज्यांनी विकताना सांगितलं, खरा दोष त्यांच्या पदरात टाकायला हवा. जड धातूंचं म्हणाल तर ते गांडूळ तयार करत नाही, कचऱ्यातूनच येतात. शहराचा मिसळलेला कचरा घातला तर खतात उतरणारच. वांग्याच्या देठात ते कुठून येणार?

'देशी' म्हणून जे दाखवतात त्याचीही एक गंमत आहे. बागेत खणलं की बऱ्याचदा हाती येतं ते पॉन्टोस्कोलेक्स, मूळचं दक्षिण अमेरिकेचं, रोपांच्या मातीतून कधीचं इथे येऊन रुळलेलं. उलट पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस हे आपल्याच भागातलं, कचरा उत्तम खाणारं गांडूळ. त्याचं नाव या वादात क्वचितच निघतं.

सरकारनं मात्र हा वाद कधी विचारातच घेतला नाही. घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांत गांडूळ खताला जागा मिळाली. पुण्यात गांडूळ खत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संचय यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के, दोन केली तर १० टक्के सवलत सुरू झाली. पुढे सोसायट्यांच्या कोपऱ्यात सिमेंटच्या टाक्या आल्या. आमच्या सोसायटीतल्या टाकीवर 'गांडूळ खत प्रकल्प' असं सुबक अक्षरात रंगवलेलं होतं आणि आत फुटक्या कुंड्या. २००६ साली खत नियंत्रण आदेशात गांडूळ खताची मानकं आली: सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का, जड धातूंना मर्यादा. गांडूळ कुठल्या देशाचं, याचा रकाना त्यात नाही.

गेल्या पाच-सात वर्षांत बाल्कनीतल्या टबांसोबत आमिषाची बाजूही परत आली आहे. धरणाच्या काठी गळ टाकणारी पोरं आता खणत बसत नाहीत, खतवाल्याकडून पावशेर आफ्रिकन घेतात. आयसेनिया बारीक असते, गळात ओवताना बोटं पिवळी करते, म्हणून ती फारशी कुणाला नको असते. मीही गेल्या श्रावणात एका रोपवाटिकेत विचारलं, देशी आहेत का? विकणाऱ्यानं गोणपाट उचललं, ओंजळभर गांडुळं शेणासकट पिशवीत घातली आणि म्हणाला, "सगळी इथंच जन्मलीत, दादा."