बाग उभी राहते, पण राखायची कोणी? सोलापूरच्या उद्यान-निधीची पार्श्वभूमी

सोलापुरात एखाद्या बागेचे सुशोभीकरण झाले की किती कोटींचे काम ते पेपरात छापून येते. पुढे त्याच बागेतले कारंजे बंद पडते आणि विचारायला गेले की ‘निधी नाही’ एवढेच ऐकू येते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. बाग बांधायचा पैसा एका खिशातून येतो आणि राखायचा दुसऱ्या. हा दुसरा खिसा कसा रिकामा होत गेला, ते समजून घ्यायला हवे.

सोलापूरची नगरपालिका १८५२ची. १ मे १९६४ला तिची महापालिका झाली. गिरणगावाच्या त्या काळात पालिकेचा खरा आधार जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती. माल नाक्यावर आला की रोख जमा व्हायची, आणि माळ्यांचे पगार, पाणी, खुरपणी असली रोजची कामे त्यावर निभायची. १९९०च्या दशकात लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली आणि शहराच्या अर्थकारणाचा कणाच मोडला. जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५पासून बहुतांश व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला. आज मिळकत कर आणि शासनाच्या अनुदानावर गाडा चालतो. पगार आणि पाणीपुरवठ्याचे वीजबिल भागवून उरते त्यात उद्यान विभागाचा नंबर लागतो, तोही बराच खाली.

त्याच दशकात, १९९२मध्ये, हद्दवाढ झाली आणि शहर १७८ चौरस किलोमीटरचे झाले. खर्च वाढला, उत्पन्न त्या मानाने वाढले नाही. हद्दवाढ भागात लेआउट मंजूर होताना मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे कागदावर जागा भरपूर. प्रत्यक्षात जाऊन पाहा: ‘ही जागा महापालिकेच्या मालकीची आहे’ असा पत्रा, मागे वेड्या बाभळी, कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा. विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित केलेल्या खासगी जमिनींचे दुखणे याहून मोठे. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण उठते. मोबदल्याला पैसा नसला की बाग नकाशावरूनच पुसली जाते. माझ्या मते या शहराचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले आहे. त्याची बातमी मात्र क्वचितच होते.

मग बाहेरच्या योजना आल्या. २०१५मध्ये सुरू झालेल्या, शहरांसाठीच्या केंद्राच्या ‘अमृत’ योजनेमध्ये हरित क्षेत्रांसाठी जेमतेम अडीच टक्के वाटा होता. मोठा पैसा स्मार्ट सिटीचा. जानेवारी २०१६च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर आले. केंद्राचे ५०० कोटी, तेवढाच हिस्सा राज्य आणि महापालिकेने मिळून घालायचा, अशी रचना. खर्चासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, त्यामुळे कामे ठरवण्याचा अधिकार सभागृहातून कंपनीच्या संचालक मंडळाकडे गेला. क्षेत्र निवडले ते गावठाणाच्या मध्याचे: सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याचा परिसर, हुतात्मा बाग, रंगभवन, पार्क स्टेडियम. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या श्रमदानातून झालेला तलाव आणि १२ जानेवारी १९३१ला फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांच्या नावाची बाग, यांवर खर्च व्हायलाच हवा होता. पण हद्दवाढ भागातल्या जुळे सोलापूर, शेळगी, विडी घरकुलच्या लोकांनी संध्याकाळी पोरांना घेऊन जायचे कुठे, याला त्या पैशात उत्तर नव्हते. शिवाय अशा योजनांचा पैसा बांधकामापुरता. काम पूर्ण झाले की मालमत्ता महापालिकेच्या गळ्यात. ३१ मार्च २०२५ला स्मार्ट सिटी अभियान संपले, तसा हा प्रश्न आणखी टोकदार झाला.

मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते. प्रशासकच अंदाजपत्रक मांडत आणि तेच मंजूर करत. आपल्या प्रभागातली बाग कुठे अडली, हे भर सभेत विचारणारे कोणी उरले नव्हते. जानेवारी २०२६मध्ये निवडणूक झाली. आता आयुक्तांचे अंदाजपत्रक पुन्हा स्थायी समितीतून आणि मग सर्वसाधारण सभेतून जाईल. त्यात भांडवली, म्हणजे नव्या बांधकामांच्या, रकमेवर नेहमीप्रमाणे भाषणे होतील. नागरिकांनी पान उलटून महसुली, म्हणजे रोजच्या, खर्चात उद्यानांच्या देखभालीला किती ठेवले आहेत ते पाहावे, आणि आपल्या नगरसेवकाला तोच आकडा विचारावा.